हरवलेला कर्सर (लिनक्स, एकाहून अधिक मॉनिटर)

लिनक्स संगणकाला दोन-तीन मॉनिटर जोडलेले असताना माऊसचा कर्सर कुठल्या पडद्यावर आहे हे न उमगणे, आणि तो हुडकण्याचे उपाय. ‘कर्सर’ हा शब्द सेटिंगमधला. इंदूरला रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात कामाच्या टेबलाशी बसलात तर ‘अरे, बाण कुठे गेला?’ हेच कानावर येईल.

बाणाचा नेहमीचा आकार 24 पिक्सेल. 1920×1080चे दोन मॉनिटर शेजारी मांडले की 3840×1080चा एकच पट होतो आणि बाणाची चौकट त्याचा 7,200वा हिस्सा उरते. त्यात टाइप करताना काही प्रोग्रॅम बाण लपवतात. पण खरा घोळ मांडणीचा असतो. टेबलावर लॅपटॉप डावीकडे आणि सेटिंगमध्ये उजवीकडे असला, तर बाण नको त्या कडेला अडतो आणि भलत्याच कडेने निसटतो. डिस्प्ले सेटिंगमधल्या चौकटी ओढून टेबलाप्रमाणे लावणे हा पहिला उपाय. तो सोडून लोक बाकी सगळे करून पाहतात.

प्रोजेक्टर तर हमखास फसवतो. गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात इंदूरच्या सात मजली राजवाड्याची छायाचित्रे दाखवायची होती. प्रस्तुत नोंदकार आणि आणखी दोघे लॅपटॉपवर वाकून बाण शोधत होते, तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आवाज आला, ‘काका, तो वर खिडकीत बसलाय!’ बाण भिंतीवरच्या राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर होता. लेन्सवर झाकण असले तरी केबल जिवंत असेपर्यंत लिनक्स प्रोजेक्टरला पडदाच मानतो. मग बाण तिथे गेला तर कुणालाच दिसत नाही. अशा वेळी दोन्हीकडे एकच चित्र दाखवणारी ‘मिरर’ सोय बरी.

ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये, म्हणजे खिडक्या-मेनूंच्या आवरणात, ॲक्सेसिबिलिटी विभागात पॉइंटर शोधण्याची सोय सुरू केली की डावे कंट्रोल बटण दाबताच बाणाभोवती वलये उमटतात. सिनॅमन आणि माटे या डेस्कटॉपांतही कंट्रोलच. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपात ‘ट्रॅक माऊस’ हा इफेक्ट चालू करून मेटा (विंडोजच्या चिन्हाचे बटण) आणि कंट्रोल एकत्र दाबायचे. जून 2024च्या प्लाझ्मा 6.1पासून माऊस नुसता गदगदा हलवला तरी बाण फुगून मोठा होतो. मॅकवर ही युक्ती 2015 सालीच आली होती. बटण लक्षात ठेवावे लागत नाही, म्हणून नोंदकाराला हीच पसंत. हरवल्यावर माणूस माऊस हलवतोच.

लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था एक्स11, नवी वेलँड. एक्स11वर कुठलाही प्रोग्रॅम बाणाची जागा विचारू शकतो, त्याला उचलून दुसरीकडे ठेवूही शकतो. त्यामुळे माऊस-कीबोर्ड आज्ञेने चालवणाऱ्या ‘एक्सडूटूल’ या प्रोग्रॅमची एक आज्ञा कीबोर्डवरच्या शॉर्टकटला बांधली की बाण थेट डाव्या मॉनिटरच्या मध्यावर, 960, 540 या बिंदूवर आणता येतो. वेलँडने सुरक्षिततेपायी ही मुभा काढून घेतली. तिथे बाणाचा पत्ता फक्त कंपोझिटरला, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला ठाऊक असतो. शोधण्याची सोयही त्यानेच द्यावी लागते. डोळ्यांची जोडी दाखवणारा जुना गमतीचा प्रोग्रॅम ‘एक्सआईज’ चालवला की फरक लगेच दिसतो. एक्स11वर त्यातले दोन डोळे बाणामागे सगळीकडे फिरतात. वेलँडवर बाण एक्स11साठी बनलेल्या जुन्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर असेपर्यंतच ते हलतात. तो वेलँडसाठी बनलेल्या नव्या खिडकीवर सरकला की शेवटच्या जागेकडे टक लावून बसतात.