डिस्कनेक्ट स्विच व फ्यूज यांच्या रेटिंगचा मेळ

फ्यूज बसणाऱ्या डिस्कनेक्ट स्विचला, म्हणजे यंत्राचा वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचला, दोन आकडे लागू होतात: स्विचच्या नेमप्लेटवरचे अँपिअर आणि आत बसवलेल्या फ्यूजवरचे अँपिअर. दोन्ही सारखेच हवेत असा समज आढळतो, पण तशी गरज नाही. काँटॅक्ट, फ्यूज धरणाऱ्या क्लिपा आणि टर्मिनल किती प्रवाह सोसतील ते स्विचचे रेटिंग सांगते. फ्यूज मात्र पुढची तार आणि भार पाहून ठरतो. त्यामुळे फ्यूज स्विचपेक्षा लहान चालतो, मोठा चालत नाही.

आधी फ्यूज ठरवायचा, मग स्विच. यंत्राच्या नेमप्लेटवर ‘कमाल फ्यूज 40 अँपिअर’ असेल आणि 40 चाच निवडला तर 30 अँपिअरचा स्विच बाद होतो आणि 60 च्या स्विचमध्ये 40 चा फ्यूज बसतो. सतत चालणाऱ्या भारासाठी उत्तर अमेरिकेत 125 टक्के धरतात, म्हणजे 48 अँपिअरला 60 चा फ्यूज.

मोटारीत हिशेब बदलतो. सुरू होताना ती पूर्णभार प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते, तेवढ्याने फ्यूज उडू नये म्हणून तो मोठा घेण्याची मुभा असते. अमेरिकी नियमांत 460 व्होल्ट, 25 अश्वशक्तीच्या मोटारीसाठी 34 अँपिअर धरतात. साध्या फ्यूजला 300 टक्क्यांची मुभा, म्हणजे 102 अँपिअर. 100 चा फ्यूज निवडला तर स्विचही 100 चा लागतो. विलंबी फ्यूजला (थोडा वेळ जादा प्रवाह सोसणाऱ्या) 175 टक्के, म्हणजे 59.5; तिथे 60 चा फ्यूज आणि 60 चा स्विच पुरतो. मात्र अश्वशक्तीचे रेटिंगही पाहावे: बऱ्याच स्विचवर ते दोन असतात आणि मोठा आकडा विलंबी फ्यूज असेल तरच लागू होतो.

अमेरिकी आर व एच वर्गांत फ्यूजची लांबी-जाडी टप्प्यांनी बदलते: 30 पर्यंत, 35 ते 60, 70 ते 100, 110 ते 200. साहजिकच 60 च्या स्विचमध्ये 25 चा फ्यूज थेट बसत नाही, रिड्यूसर, म्हणजे लहान फ्यूज मोठ्या क्लिपेत बसवणारा जोडतुकडा, लागतो. आणि प्रत्येक रिड्यूसर म्हणजे सैल होऊ शकणारा आणखी एक जोड. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाकूपात्यांच्या एचआरसी (मोठा शॉर्टसर्किट प्रवाह तोडणाऱ्या) फ्यूजमध्ये ही अडवणूक फक्त वरच्या बाजूला असते. 00 आकारात 160 अँपिअरपर्यंतचे फ्यूज येतात, त्यामुळे त्याच आकाराच्या 125 अँपिअरच्या स्विचमध्ये 160 चा फ्यूज मुकाट्याने बसतो. बसला म्हणजे चालतो असे नाही.

शॉर्टसर्किटची क्षमता वेगळी तपासावी लागते. एच वर्गाचा फ्यूज 10 किलोअँपिअरच तोडतो, आर वर्गाचा 200. स्विचचे शॉर्टसर्किट रेटिंगही आतल्या फ्यूजच्या वर्गावर अवलंबून असते. आर वर्गाच्या खास क्लिपा एचचा फ्यूज स्वीकारत नाहीत, त्यामुळे चुकीच्या अदलाबदलीला तिथेच आळा बसतो.

फ्यूज सारखा उडतो म्हणून वरचा टाकणे ही नेहमीची चूक. कारण अनेकदा क्लिपेत असते: ताण गेलेली क्लिप तापते, पितळ काळवंडते आणि ती उष्णता फ्यूजला रेटिंगच्या आतच वितळवते. भार चालू असताना तिन्ही फेजांच्या क्लिपांवर किती मिलिव्होल्ट दाब घटतो ते एकमेकांशी ताडून पाहिले की दोषी क्लिप सापडते. हे काम प्रशिक्षित माणसानेच, संरक्षक साहित्य घालून करावे. क्लिप बदलल्यावर पूर्वीच्याच रेटिंगचा फ्यूज टाकावा. शॉर्टसर्किटने एकच फ्यूज उडाला तरी तिन्ही बदलावेत, कारण उरलेल्या दोघांची पट्टी अर्धवट वितळलेली असू शकते.