स्वस्त बोर्डिंग की सगळ्यांची पंगत : एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

बारावीनंतर कॉलेजांचे पर्याय भरताना घरोघरी एकच वाद होतो. जवळचं, परवडणारं कॉलेज घ्यायचं, की मोठ्या शहरातलं, जिथे नाना जातिधर्मांची, भाषांची मुलं शेजारी बसतील? हा पेच आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो सुरू झाला तो वर्गात नव्हे, वसतिगृहात.

कोल्हापुरात राजाराम कॉलेजचं वसतिगृह नावाला सर्वांसाठी होतं. प्रत्यक्षात ते ब्राह्मण मुलांचंच राहिलं. म्हणून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगं निघाली, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराची राहण्याजेवणाची सोय झाली, पण पंगत ज्याच्या त्याच्या जातीची. तरीही त्या काळी तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. मुलं आधी शहरात टिकायला हवी होती.

यातल्याच जैन बोर्डिंगात काही काळ राहिलेले भाऊराव पाटील. तिथले सोवळ्याचे नियम त्यांना मानवले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकाच चुलीवर आणली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, शेतात राबायचं, त्यातून खर्च भागवायचा. तरी पैसा पुरेना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजी येऊन हे बोर्डिंग पाहून गेले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच 'कमवा आणि शिका'च्या बळावर. तिथे स्वस्ताई आणि मिश्र सहवास यांतलं एक निवडावं लागत नव्हतं. मुलं एकत्र राबत, म्हणूनच शिक्षण स्वस्त पडे. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

ही सांगड सुटली ती १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं आली, आणि प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणग्या इतक्या बोकाळल्या की १९८७ मध्ये त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. कोण कोणाशेजारी बसणार, हे आता बापाच्या ऐपतीवरही ठरू लागलं.

पुढे शिष्यवृत्त्या आणि फ्रीशिप आल्या. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च या माफीत येत नाही, आणि पुण्यात घराचं गणित अडतं ते तिथेच. सरकारी वसतिगृहं समाजकल्याणची वेगळी, आदिवासी विकासची वेगळी. त्यामुळे वर्गात एका बाकावर बसणारी मुलं जेवायला पुन्हा वेगवेगळ्या इमारतींत जातात. कॉलेज निवडताना फीच्या तक्त्याइतकीच चौकशी त्याच्या स्वतःच्या वसतिगृहाची करायला हवी: जागा किती, मेसचा महिना किती, आणि तिथे राहतं कोण.