सरस, लाख आणि उघडता येणारे सांधे

खिळखिळी झालेली जुनी खुर्ची दिसली की लोक म्हणतात, लाकूड संपलं. बहुतेक वेळा लाकूड धडधाकट असतं. दम संपलेला असतो तो सांध्यातल्या सरसाचा, आणि सरस पुन्हा भरता येतो. दोनशे वर्षांपूर्वीचं चांगलं कपाट आजही सुटं करून परत उभं करता येतं, पण तीस वर्षांपूर्वीचं बरंचसं फर्निचर एकदा फुगलं की टाकूनच द्यावं लागतं. हा फरक कुठून आला, ते समजून घ्यायला सरसापासूनच सुरुवात करायला हवी.

सरस म्हणजे जनावरांचं कातडं आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. प्राचीन इजिप्तचे सुतार तो वापरत. 1922 मध्ये तुतानखामुनची कबर सापडली, तेव्हा 3,300 वर्षांपूर्वीच्या खुर्च्या, पलंग आणि पेट्या तिच्यातून निघाल्या. कुसू-खोबणीचे सांधे (एका तुकड्याची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खोबणीत बसवायची), डव्हटेल म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे रुंदावणारे दात एकमेकांत अडकवलेले सांधे, उंची लाकडाचे पातळ थर हे सगळं त्या काळच्या सुतारांना येत होतं. सरस गरम असताना लावायचा, गार होताना तो धरतो. आणि पुन्हा ऊब व ओलावा मिळाला की सोडतो. उलट पार कोरडा पडला तरी ठिसूळ होऊन सुटतो.

म्हणूनच जाणकार माणूस हलणाऱ्या पायावर आधी हातोडा चालवत नाही. सांध्याच्या फटीत तो सिरिंजने थोडं स्पिरिट सोडतो आणि वाट पाहतो. स्पिरिट जुन्या सरसातला ओलावा ओढून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि हाताने हळूहळू हलवलं की कुसू खोबणीतून मोकळं होतं. मग कोमट पाण्याने जुना थर पुसायचा, गरम सरस लावायचा, क्लॅम्प आवळून रात्रभर ठेवायचं. जुन्या सरसाचा थोडा अंश राहिला तरी बिघडत नाही, नवा त्याला धरतो.

सांध्याइतकीच महत्त्वाची आहे लाकडाची हालचाल. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंद फळी चारी बाजूंनी जखडली तर कधीतरी फाटणारच. यावर युरोपात 15व्या-16व्या शतकांत रुळलेला उपाय म्हणजे चौकट आणि तिच्या खाचेत सरसाशिवाय नुसती सरकवलेली फळी. जुन्या कपाटाच्या दारातली फळी बोटाने दाबली की किंचित हलते. तो दोष नाही, ती तशीच बसवलेली असते. उत्साहाच्या भरात ती चिकटवून ‘पक्की’ केली जाते आणि पुढच्या कोरड्या हवेत मधोमध चिरते. अशी दारं पाहून मला फार वाईट वाटतं, कारण शतकभर टिकलेली वस्तू दुरुस्तीनेच मोडलेली असते.

लाकडावरच्या पॉलिशचंही असंच आहे. आधी मेण, तेल आणि राळेचं व्हार्निश होतं. 19व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच पॉलिशचा प्रसार झाला. झाडांच्या फांद्यांवर जगणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसावर सुती कापड गुंडाळून केलेल्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. या पॉलिशवर पाण्याचे आणि गरम भांड्याचे पांढरे डाग पडतात, हे खरं. पण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. थोड्या वेळात जागा चिकट झाली तर वर लाख आहे. मग सगळं खरवडायची गरजच उरत नाही.

यंत्रं आली म्हणून सगळं बिघडलं, असं मात्र नाही. खण बाहेर काढून उलटा करा. खालच्या फळीवर सरळ समांतर ओरखडे असतील तर करवत सरळ पात्याची होती. कमानीसारखे असतील तर गोल पात्याची, म्हणजे काम बहुधा 19व्या शतकातलं किंवा नंतरचं. थोनेट कंपनीची 1859 मधली वाफेने वाकवलेली चौदा नंबरची खुर्ची तर कारखान्यातच बनायची. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. स्क्रूने जोडलेली असल्यामुळे तिचा मोडका भाग बदलणं सोपं. माझ्या मते दुरुस्तीच्या दृष्टीने इतका विचारी कारखानी माल फार थोडा झाला.

जुन्याकडे पाहण्याची नजरही याच काळात बदलत होती. जुन्या इमारती खरवडून नव्यासारख्या करण्याच्या वेडाविरुद्ध कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने 1877 मध्ये इंग्लंडमध्ये संस्था उभी केली. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने तत्त्व घालून दिलं की जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हे नियम इमारतींचे, पण संग्रहालयांत फर्निचर सांभाळणाऱ्यांची विचारसरणीही तीच: कमीत कमी हात लावा आणि जे कराल ते उद्या कुणाला उलटवता आलं पाहिजे. घरोघरी मात्र उलटंच घडलं. रंग उतरवायला दारं आणि खुर्च्या कॉस्टिक सोड्याच्या हौदांत बुडवल्या गेल्या. रंग गेला, पण सरस सैल झाला, लाकडाचे तंतू उभे राहिले आणि वर्षानुवर्षं हात लागून आलेली झळाळी कायमची गेली. ती पुन्हा आणता येत नाही.

मोठा बदल झाला तो 20व्या शतकात. 1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे फवारून लावायच्या पॉलिशचे, स्प्रे आले, पुढे कृत्रिम गोंद, पॉलियुरेथेनचं पॉलिश आणि दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत जर्मनीत पुढे आलेला पार्टिकल बोर्ड. त्याच युद्धात ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. 1942 पासूनच्या युटिलिटी योजनेत सरकारने ठरवून दिलेल्या साध्या आणि मजबूत रचनांचंच फर्निचर बनवायला परवानगी होती. त्यातलं बरंच आजही वापरात आहे. पार्टिकल बोर्ड मात्र भुसा आणि गोंदाचा दाबलेला थर. पाणी शिरून फुगला की स्क्रू धरायला तिथे काहीच उरत नाही.

मूळ लाकूडही आता सहज मिळत नाही. ब्रिटनने 1721 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात काढल्यावर ज्या महोगनीने ब्रिटनमधलं फर्निचर व्यापलं, त्या कॅरिबियन महोगनीच्या व्यापारावर 1992 पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराचं नियंत्रण आहे. म्हणून कारागीर पार मोडलेल्या टेबलांच्या फळ्या जपून ठेवतात आणि दुसऱ्या टेबलाला ठिगळ लावायला वापरतात.

आज दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंत सगळ्यात जास्त वेळ खातात त्या आधी पांढऱ्या गोंदाने किंवा इपॉक्सीने ‘दुरुस्त’ झालेल्या खुर्च्या. स्पिरिटने सरस सुटतो तसा हा गोंद सहज सुटत नाही, आणि सुकलेल्या गोंदावर नवा नीट धरत नाही. प्रत्येक कुसू उघड्या लाकडापर्यंत पटाशीने तासावं लागतं, ते बारीक होतं, मग पातळ चकती चिकटवून पुन्हा खोबणीच्या मापाचं करावं लागतं. एवढं सगळं केल्यावर बहुतेक कारागीर सांधा भरतात तो सरसानेच.