बाप्तिस्म्यानंतरही चुकणाऱ्यांचा प्रश्न

‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी तो पुन्हा येईल’ हे येशू ख्रिस्ताविषयीचे वाक्य ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी जुन्या अंगीकारांतले, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलींतले, आहे. उपासनेत ते आजही उभे राहून म्हटले जाते. त्याच अंगीकारात पुढे पापांची क्षमाही येते. दोन्ही गोष्टी एका दमात कबूल करणाऱ्याला एक प्रश्न मात्र सोडत नाही. क्षमा मिळाली, बाप्तिस्मा (पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा) झाला, तरी मी पुन्हा पुन्हा तिथेच घसरतो. मग न्यायाच्या दिवशी माझे काय? मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासातले अनेक मोठे वाद वरवर सत्तेचे किंवा शिस्तीचे दिसतात, पण खोलात गेले की तळाशी हाच प्रश्न सापडतो.

त्याची मुळे येशूच्याही आधीची आहेत. इ.स.पू. आठव्या शतकात इस्राएलचे लोक परमेश्वराच्या दिवसाची आतुरतेने वाट पाहत होते, कारण त्या दिवशी शत्रूंचा हिशेब होणार अशी त्यांची समजूत होती. आमोस संदेष्ट्याने त्यांना बजावले की तो दिवस प्रकाशाचा नव्हे, अंधाराचा असेल. देवाचा न्याय आधी देवाच्याच लोकांवर येईल. न्याय म्हणजे दुसऱ्यांचा, हा समज तिथेच मोडला. एक्कावन्नाव्या स्तोत्रात तर राजा दावीद स्वतः आरोपी म्हणून उभा आहे आणि त्याच्याकडे कसलीही सबब नाही.

नव्या करारात ताण आणखी वाढतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, ती भुकेल्याला अन्न दिले की नाही यावरून. तिथली एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही, ती म्हणजे निकाल ऐकून दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. ‘आम्ही तुला केव्हा पाहिले?’ हा प्रश्न उजवीकडचेही विचारतात आणि डावीकडचेही. लूकच्या अठराव्या अध्यायात मात्र आपल्या सत्कृत्यांची यादी वाचणारा परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला) तसाच परत जातो, आणि ‘मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. ख्रिस्तामध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही, असे पौल रोमकरांना लिहितो. आपण सर्वांनी ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे, असे तोच करिंथकरांना लिहितो. यातले एक वाक्य ठेवून दुसरे गाळण्याचा मोह प्रत्येक पिढीला झाला, आणि त्याची किंमतही प्रत्येक पिढीने मोजली.

पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याकडे संपूर्ण शुद्धी म्हणून पाहत. त्यानंतरच्या गंभीर पापाचे काय, यावर दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने उत्तर दिले की पश्चात्तापाची आणखी एकच संधी आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने तिला जहाज फुटल्यावर हाती लागणारी फळी म्हटले. पुढे तो स्वतः इतका कडक झाला की व्यभिचारासारख्या पापाला क्षमा करण्याचा बिशपांचा अधिकारही त्याने नाकारला. अनेकांनी या भीतीपोटी बाप्तिस्माच लांबणीवर टाकला. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो इ.स. 337 मध्ये मृत्युशय्येवर घेतला.

खरी कसोटी त्याआधीच, इ.स. 250 मध्ये लागली. सम्राट डेशियसने फर्मान काढले की साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे काही पपायरसचे दाखले सापडले आहेत. मजकूर साचेबंद आहे. अर्जदार आपले नाव, गाव आणि वय सांगतो, ओळखीसाठी अंगावरच्या व्रणाचीही नोंद होते. आपण नेहमीच देवतांना बळी देत आलो आहोत, आत्ताही अधिकाऱ्यांच्या देखत पेयार्पण केले आणि बळीचे मांस चाखले, तरी खाली सही करावी, अशी तो विनंती करतो. मग साक्षीदाराची सही आणि तारीख. या दाखल्यासाठी हजारो ख्रिस्ती वेदीपुढे गेले. काहींनी बळी न देताच पैसे भरून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसे मंडळीच्या दाराशी परत आली.

रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने त्यांना दार बंद केले: देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही. त्याला निर्दयी म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. ज्यांची माणसे विश्वासासाठी तुरुंगात मेली त्यांच्या डोळ्यांसमोर ही माणसे परत येत होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता आणि त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली होती. त्याने बोलावलेल्या इ.स. 251 च्या कार्थेज परिषदेत ठरले की प्रत्येकाची वेगळी चौकशी व्हावी. नुसता दाखला घेणाऱ्यांना पश्चात्तापानंतर परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, पण मरणाच्या दारात कोणालाही क्षमेवाचून सोडू नये. सिप्रियन इ.स. 258 मध्ये हुतात्मा झाला. इ.स. 325 च्या निकेया परिषदेनेही हीच दिशा धरली. सम्राट लिसिनियसच्या राजवटीत धाकदपटशा नसतानाही विश्वासापासून ढळलेल्यांना तिने एकूण बारा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले: तीन वर्षे श्रोत्यांत, सात वर्षे साष्टांग विनवणाऱ्यांत, दोन वर्षे केवळ प्रार्थनेपुरता सहभाग. मात्र मरणाऱ्याला शेवटचे प्रभुभोजन नाकारायचे नाही, हे त्याच परिषदेने स्पष्ट केले.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी हा प्रश्न दुसऱ्याच टोकाने धरला. एका बंधूचा न्याय करायला मठवासी जमले, तेव्हा त्यांच्यातलाच अब्बा (म्हणजे बाबा) मोशे गळकी भांडी पाठीवर घेऊन आला. माझी पापे माझ्यामागे सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे, असे तो म्हणाला. बंधूला क्षमा झाली. हा मोशे एके काळी दरोडेखोर होता.

पश्चिमेत उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने मुद्दा आणखी खोलवर नेला. माणूस मनात आणले तर निष्पाप जगू शकतो, असे त्याचा समकालीन असलेल्या पेलेजियस या संन्याशाच्या शिकवणीत होते. इ.स. 418 च्या कार्थेज परिषदेने ते फेटाळले आणि सांगितले की ‘आमची ऋणे सोड’ ही येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली विनंती पवित्र लोकही केवळ नम्रता म्हणून नव्हे, तर खरोखरच स्वतःसाठी करतात. अपुरेपण हा विश्वासाच्या आयुष्यातला अपवाद नाही, हे तिथे उघड मान्य झाले.

तरी आयुष्यात एकदाच मिळणारे जाहीर प्रायश्चित्त सामान्य माणसाला पेलवेना. सहाव्या शतकात आयर्लंडच्या मठांतून वेगळी रीत आली: खाजगीत पापनिवेदन, पापाच्या मानाने ठरलेला उपवास, आणि गरज पडेल तितक्या वेळा. स्पेनमधील इ.स. 589 च्या टोलेडो परिषदेने अशा वारंवार क्षमेचा कडक शब्दांत निषेध केला. पण पाळकाला माणसाची रोजची पडझड दिसत होती, आणि अखेर हीच रीत टिकली. इ.स. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सर्वांना बंधनकारक केले. ते ऐकणाऱ्याने जखमेवर द्राक्षारस व तेल ओतणाऱ्या कुशल वैद्यासारखे वागावे, आणि कोणाचे पाप बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात डांबावे, असेही तिने ठरवले.

भीतीही त्याच काळात दगडात कोरली गेली. फ्रान्समधील ओतँच्या चर्चच्या दारावर, बाराव्या शतकातल्या शेवटच्या न्यायाच्या शिल्पात, आत्मे तोलणाऱ्या तराजूच्या पारड्याला एक सैतान लोंबकळून ते खाली ओढतो आहे, आणि कोठूनसे आलेले दोन राक्षसी हात एका माणसाचे डोके पकडून त्याला वर उचलत आहेत. लोक याच शिल्पाखालून आत जात. शुद्धिस्थानाची (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेची) शिकवण, मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना आणि शेवटी क्षमापत्रांचा, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांचा, व्यवहार हे सारे या भीतीच्या सावलीत वाढले.

प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणारा जर्मन धर्मगुरू मार्टिन लूथर याच जगातला. ख्रिस्त म्हटले की त्याला कठोर न्यायाधीशच आठवे. 1505 मध्ये एर्फुर्टच्या मठात गेल्यावर तो तासन्‌तास पापनिवेदन करी आणि काही राहून गेले या धास्तीने पुन्हा परते. त्याचा वरिष्ठ श्टाउपित्स त्याला ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगे. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारे नव्हे, तर विश्वास ठेवणाऱ्याला देव जे बहाल करतो ते, हे रोमकरांस पत्र वाचताना उमगले आणि त्याची सुटका झाली. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, ही त्याची भूमिका त्यातूनच आली. पण वादासाठी मांडलेल्या त्याच्या 1517 च्या पंच्याण्णव प्रबंधांतला, म्हणजे विधानांतला, पहिलाच प्रबंध सांगतो की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. कृपा म्हणजे स्वस्तातली सूट, असे लूथरच्या नावावर खपवणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने जानेवारी 1547 मध्ये याला उत्तर दिले. कृपा माणसाला आतून खरोखर नवे करते; घोर पापाने ती गमावता येते, आणि पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते. तर्तुल्यनची ती फळी ट्रेंटच्या ठरावात पुन्हा दिसते. आपले तारण ठरलेच, अशी अचूक खात्री कोणी बाळगू नये, असेही परिषदेने बजावले.

खात्रीचा प्रश्न प्रॉटेस्टंटांनाही सुटला नाही. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत लूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना ऐकत होता, आणि ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा, पापे दूर केली अशी खात्री त्याला झाली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच वेस्लीने जानेवारी 1739 मध्ये रोजनिशीत लिहिले की मी आत्ता ख्रिस्ती नाही. आपल्या मनात प्रीती, शांती आणि आनंद यांची फळे दिसत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. तरीही त्याच वर्षी त्याने उघड्या मैदानांत प्रवचने सुरू केली.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. एक गाठ मात्र राहिलीच आहे. बाप्तिस्म्यानंतर माणसात उरणाऱ्या वाईट ओढीला लूथरन पापच म्हणतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे ती पापाकडे ओढते, पण माणसाने होकार देईपर्यंत ती खऱ्या अर्थाने पाप ठरत नाही. घोषणेने हा फरक झाकलेला नाही; दोन्ही बाजूंची मते तिने शेजारी शेजारी नोंदवली आहेत.