रेल्वे अपघातांतील मानवी चूक व व्यवस्थापनदोष

रेल्वे अपघातांतील मानवी चूक व व्यवस्थापनदोष : (विशेष संदर्भ : पुणे–मिरज लोहमार्ग; सातारा व सांगली जिल्हे). गाडी चालवणारा, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) बदलणारा, सिग्नलची तार जोडणारा किंवा फाटक सांभाळणारा माणूस चुकतो तेव्हा त्याची चूक, आणि ती चूक घडू देणारी किंवा वेळेत न पकडणारी कार्यपद्धती, या दोहोंचा अपघाताच्या कारणमीमांसेत एकत्र विचार करावा लागतो. भारतीय रेल्वेच्या नोंदींत अपघातांची कारणे ‘रेल्वे कर्मचाऱ्यांचा कसूर’, ‘इतरांचा कसूर’, ‘उपकरणांतील बिघाड’, ‘घातपात’ इ. सदरांखाली दाखवली जातात. व्यवस्थापनाच्या कसुराला वेगळे सदर नाही. तो बहुधा पहिल्या सदरात मिसळून जातो. त्यामुळे या सदरातील मोठे आकडे केवळ सांधेवाले, चालक आणि स्टेशन मास्तर यांच्या खात्यावर टाकणे बरोबर होत नाही.

कारणमीमांसेचे दोन ढोबळ पक्ष आहेत. अमेरिकन विमातज्ज्ञ हाइनरिख यांनी १९३१ मध्ये मांडले, की औद्योगिक अपघातांपैकी सुमारे ८८ टक्के कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात. हे प्रमाण त्यांनी कोणत्या नोंदींवरून काढले याविषयी पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, तरी ते अनेक दशके उद्धृत होत राहिले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास ‘सक्रिय चूक’ आणि ‘सुप्त दोष’ असा भेद केला. शेवटच्या माणसाचा हात चुकतो ती सक्रिय चूक. अपुरी माणसे, जुने नकाशे, न झालेली तपासणी आणि संदिग्ध नियम हे आधीपासून दबा धरून बसलेले सुप्त दोष. भारतातील अलीकडच्या चौकशी अहवालांचे निष्कर्ष दुसऱ्या पक्षाला अधिक पुष्टी देतात.

पुणे–मिरज मार्ग : १८७६–७८ च्या दुष्काळानंतर स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा मार्ग मीटरमापी स्वरूपात बांधला. सर्वसाधारणपणे १८८० च्या दशकाचा उत्तरार्ध हा त्याचा काळ मानतात. टप्पे वेगवेगळ्या वेळी खुले झाल्याने एकच वर्ष देणे सयुक्तिक नाही. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत विलीन झाली. १९७१ च्या सुमारास मार्ग रुंदमापी झाला. त्यानंतर काही दशके मिरजेत रुंदमापी, मीटरमापी आणि पंढरपूरकडे जाणारी अरुंदमापी असे तिन्ही मार्ग एकत्र येत. लोणंद, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज ही त्यावरील प्रमुख स्थानके. सुमारे २८० किमी.चा हा मार्ग शतकाहून अधिक काळ मुख्यतः एकेरी होता. कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणाऱ्यांना समोरची गाडी निघून जाईपर्यंत लहान स्थानकात ‘क्रॉसिंगला’ थांबणे अंगवळणी पडले होते. समोरासमोरची टक्कर हा एकेरी मार्गाचा मूळ धोका. तो टाळण्याची पद्धत मानवी चुकीच्या अभ्यासात महत्त्वाची असल्याने येथे थोडी विस्ताराने दिली आहे.

टोकन पद्धती : १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकून २५ जण दगावले. गाडी पाठवण्याची परवानगी देणारा तारसंदेश अधिकाऱ्याची सही नसतानाच रवाना झाला होता. संदेश लिहून ठेवणारा अधिकारी म्हणे, सही केल्याशिवाय तो पाठवायचा नव्हता. तारमास्तराचे म्हणणे, पाठवण्यासाठीच तो दिला होता. न्यायालयात अधिकारी दोषी ठरला आणि तारमास्तर सुटला. दोघांत खरे कोण, यावर पुढेही लिहिले गेले. सहीविना संदेश जाऊच शकणार नाही अशी कोणतीही अडवणूक त्या यंत्रणेत नव्हती, ही वस्तुस्थिती त्या वादापेक्षा मोलाची आहे. एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेले विद्युत टॅब्लेट (परवानगीची चकती) यंत्र या अपघाताच्या पार्श्वभूमीवर आले. त्याआधीही मार्गावर जाण्याच्या परवानगीची खूण, म्हणजे टोकन, म्हणून ‘स्टाफ’ नावाचा दांडका चालकाच्या हाती देण्याची रीत होती. त्यामुळे टोकनच्या कल्पनेचे सारे श्रेय टायर यांना देणे काहींना मान्य नाही. यंत्रांची विद्युत जोडणी मात्र निःसंशय त्यांची.

भारतात याच तत्त्वावरचे नील यांचे गोळा-टोकन यंत्र एकेरी मार्गांवर सर्वत्र रुळले. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असतात. एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच पोलादी गोळा बाहेर येतो, आणि तो परत यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळ्यावर दोन्ही स्थानकांची नावे कोरलेली असतात. चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून सांधेवाला तो चालत्या इंजिनाकडे उंच धरतो आणि चालकाचा सहायक हात कड्यात घालून उचलतो. पिशवी उघडून नाव वाचून घेणे हे चालकाचे कर्तव्य. यंत्र चुकीचा गोळा देत नाही. पिशवी न उघडता गाडी हाकणे मात्र शक्य असते. शेवटची खातरजमा माणसाच्या डोळ्यांवरच राहते.

दुहेरीकरण आणि खंडित आंतरबंधन : या मार्गाचे विद्युतीकरण व दुहेरीकरण २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने झाले. दुहेरी मार्गाने समोरासमोरच्या टकरीचा धोका बराच घटतो, पण तो मार्ग जोडताना प्रत्येक स्थानकावर काही दिवस सांधे आणि सिग्नल यांचे परस्पर आंतरबंधन (इंटरलॉकिंग) तोडावे लागते. वर्तमानपत्रांत ‘ब्लॉकमुळे गाड्या रद्द’ अशी बातमी येते तेव्हा पुष्कळदा हेच काम चाललेले असते. एरवी सांधा चुकीचा असेल तर सिग्नल हिरवा होतच नाही. या दिवसांत ती अडवणूक उरत नाही. सांधा हाताने फिरवून त्याची जीभ रुळाला चिकटली आहे का ते पाहायचे, क्लॅम्प आवळून कुलूप घालायचे, किल्ली जबाबदार माणसाकडे द्यायची आणि बावटा दाखवून गाडी कमी वेगाने आत घ्यायची, असा क्रम असतो. रात्री, पावसात, बाहेरून तात्पुरत्या आणलेल्या माणसांकडून हे करून घेतले जाते, तेव्हा कामाचे नियोजन करणाऱ्यांची जबाबदारी सांधेवाल्याहून मोठी ठरते.

२ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधील गैसल येथे अवध-आसाम एक्सप्रेस व ब्रह्मपुत्रा मेल समोरासमोर धडकल्या आणि २८५ हून अधिक लोक मरण पावले. किशनगंजला काम चालू असल्याने आंतरबंधन बंद होते आणि गाडी चुकीच्या मार्गावर गेली. पुढेही ती वेळीच थांबवली गेली नाही. तत्कालीन रेल्वेमंत्री नीतिशकुमार यांनी राजीनामा दिला. १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनीही तो दिला होता.

बहानगा बाजार (२०२३) : २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल असताना लूप लाइनवर (स्थानकात मुख्य मार्गाच्या बाजूने काढलेल्या मार्गावर) वळली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली, तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरील बंगळूर–हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर धडकले. मृतांची संख्या २९० च्या वर गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालानुसार फाटक क्र. ९४ जवळच्या पेटीतील तारजोडणी पूर्वीच्या एका बदलापासून सदोष होती आणि तारांवरील खुणा चुकीच्या होत्या. फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलताना केलेल्या जोडणीने सांध्याची खोटी स्थिती यंत्रणेला कळत राहिली. सांधा लूपकडे, आणि यंत्रणेच्या लेखी तो सरळ. चालकाच्या हाती काहीच नव्हते.

रेल्वेच्या याच खडगपूर विभागात १६ मे २०२२ रोजी बांकडानयाबाज स्थानकावर चुकीच्या तारजोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा उपाय झाले असते तर बहानगाचा अपघात टळला असता, असे आयुक्तांनी स्पष्ट नोंदवले. तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली; अहवाल मात्र सिग्नल व दूरसंचार विभागातील अनेक स्तरांवरच्या त्रुटी दाखवतो. लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शन येथे १२ डिसेंबर १९८८ रोजी ३५ जणांचा बळी घेणारा अपघातही सैल राहिलेल्या एका तारेमुळे झाला होता. तेथील तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती, हे चौकशीत उघड झाले. दोन्ही ठिकाणी काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने करायची स्वतंत्र तपासणी झाली नाही.

रांगापानी (२०२४) : १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली, सुमारे १० जण दगावले. त्याच दिवशी, मालगाडीच्या मृत चालकाने सिग्नल डावलल्याचे सांगण्यात आले. आयुक्तांच्या चौकशीत वेगळे चित्र दिसले. स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते आणि लाल सिग्नल ओलांडण्याचे लेखी अधिकारपत्र स्टेशन मास्तरांनीच चालकाला दिले होते. परिस्थितीला लागू असणारा नमुना तो नव्हता, आणि किती वेगाने जायचे हेही त्यावर नव्हते. त्या सकाळी अशी अधिकारपत्रे मिळालेल्या सात गाड्यांपैकी फक्त कांचनजंगा एक्सप्रेसने ताशी १५ किमी.ची मर्यादा आणि प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबण्याचा नियम पाळला. सातपैकी सहा चालक एकच नियम मोडतात तेव्हा दोष प्रशिक्षणात शोधावा लागतो. जो आता बोलू शकत नाही त्याच्यावर पहिल्याच दिवशी ठपका ठेवणे त्याच्या घरच्यांवर अन्याय करणारे आहे, शिवाय चौकशीलाही ते चुकीची दिशा देते.

फाटके : रुंदमापी मार्गांवरील विनापहारा फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली, असे रेल्वेने जाहीर केले. पहाऱ्याच्या फाटकांवर भार माणसावर आला. आंतरबंधन नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर दूरध्वनीवरून गाडीची सूचना देतो, गेटमन फाटक लावून त्याची खूण म्हणून खासगी क्रमांक सांगतो आणि दोघेही तो वहीत लिहितात. फाटक न लावताच क्रमांक सांगितला गेला तर या पद्धतीत ते पकडता येत नाही. तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये अशाच फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून तीन मुले दगावली. कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे जातात. भरलेली जोड-ट्रॉली चढाने फाटक ओलांडायला मोटारीच्या कितीतरी पट वेळ घेते, आणि मागच्या ट्रॉलीची मोळी रुळावर पडली तर ती उचलायला माणसे धावतात. मागे खोळंबलेले वाहनचालक गेटमनवर ‘फाटक उघड’ म्हणून दबाव आणतात, तोही याच वेळी. उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग हाच त्यावरचा खरा उपाय.

इतर कारणे : सलग रात्रपाळ्या, रिकामी पदे आणि रुळांच्या देखभालीला न मिळणारा वेळ ही कारणे जवळपास सर्व समित्यांनी सांगितली आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालाने रूळ-देखभालीतील उणिवांवर विशेष बोट ठेवले. आदर्कीसारख्या घाटभागात पावसाळी गस्तीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ‘कवच’ ही टक्करविरोधी प्रणाली चालकाची चूक सावरते. खुद्द सिग्नलच हिरवा असेल, तर तो खोटा असल्याचे ती ओळखत नाही.

चौकशीची यंत्रणा : मोठ्या प्राणहानीची वैधानिक चौकशी रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. चौकशी करणारा रेल्वे चालवणाऱ्यांच्या हाताखाली नसावा, म्हणून हे निरीक्षणालय १९४१ मध्ये रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले गेले. आता ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. प्रवासी व गावकरी यांनाही आयुक्तांपुढे साक्ष देता येते. शिफारशी मान्य करणे मात्र रेल्वे बोर्डाच्या हाती राहते. अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरण सुचवले आणि पाच वर्षांत सर्व फाटके काढून टाकण्यासाठी सुमारे ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज दिला. ते प्राधिकरण स्थापन झालेले नाही. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात असून तो मुंबईच्या मध्य मंडलाच्या आयुक्तांच्या कक्षेत येतो. मिरजेहून बेळगावकडे जाणारा मार्ग दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. त्यावरील अपघाताची चौकशी बंगळूरच्या दक्षिण मंडलाकडे जाते.