विक्रांत का वाचली नाही?

आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धासाठी 'हर्क्युलिस' नावाने ती बांधायला घेतली होती. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली तोवर युद्ध संपले होते, आणि ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टला काम पुरे होऊन ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात आली.

तिची खरी कसोटी लागली १९७१ च्या भारत-पाक युद्धात. बॉयलरला तडे गेल्यामुळे वेग घटला होता. विमानवाहू नौकेला वेग लागतोच. ती वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते आणि त्या समोरच्या वाऱ्यामुळे, वाफेच्या कॅटापल्टचा, म्हणजे विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राचा, झटका मिळाला की, आखूड धावपट्टीवरूनही विमान हवेत जाते. तरीही तडे गेलेल्या बॉयलरसह तिला बंगालच्या उपसागरात धाडले गेले. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानची समुद्रावरून येणारी रसद तोडण्यात तिचा वाटा मोठा होता.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले आणि २००१ पासून लोकांना ती आतून पाहता येऊ लागली. पण ती पाण्यातच उभी होती. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजत राहते. ठरावीक काळाने नौका सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून काढता येते अशा गोदीत, घेऊन तळ खरवडायचा, झिजलेले पत्रे बदलायचे, रंग द्यायचा, हे चुकत नाही. सुमारे २१३ मीटर लांबीच्या नौकेसाठी हा खर्च कायमचा. तो उचलणारे कोणी मिळाले नाही. २०१२ मध्ये धोकादायक ठरवून संग्रहालय बंद झाले. नौका सुमारे ६० कोटींना भंगारात गेली, न्यायालयातले प्रयत्नही फसले आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. माझ्या मते ती निवृत्त झाली तेव्हाच तिला पाण्याबाहेर काढण्याचा निर्णय व्हायला हवा होता.

विशाखापट्टणमला नेमके तेच केले गेले. १९७१ च्याच युद्धात उतरलेली कुरसुरा ही ९१ मीटर लांबीची पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली. तिला ओढून किनाऱ्यावर आणले, पक्क्या पायावर बसवले आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली केली. आकाराने लहान असल्याने ते जमले, हे खरे. पण तिकीट काढून तिच्या अरुंद पोटातून आजही चालत जाता येते, आणि मुंबईकरांना विक्रांतच्या धातूपासून घडवलेल्या स्मारकावर समाधान मानावे लागते.