चार्जरचा लाईट नुसता ब्लिंक होतोय? बॅटरी लगेच फेकू नका

गणपतीच्या आधी कपाटातून कॅमेरा काढला, दीड वर्ष हात लावला नव्हता आणि दोन्ही बॅटऱ्या डेड. चार्जरला लावल्या तर लाईट नुसता भराभर ब्लिंक, चार्जिंग काही सुरूच होईना. दुकानात विचारलं तर "नवीन घ्या" एवढंच उत्तर. पण तो लाईट का ब्लिंक होतो ते आधी बघू, कारण कितीतरी वेळा बॅटरी चांगलीच असते.

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या बॅटरीत बहुतेक करून लिथियम आयनचे दोन सेल असतात, एक सेल फुल झाला की ४.२ व्होल्ट, म्हणजे दोन्ही मिळून ८.४. चार्जर करंट सोडायच्या आधी व्होल्टेज बघतो आणि बॅटरी किती गरम किंवा थंड आहे तेही बघतो. म्हणून तर बॅटरीवर प्लस-मायनस सोडून आणखी एकदोन पॉइंट असतात, त्यातला एक बहुतेक वेळा आतल्या थर्मिस्टरचा. तापमान बदललं की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, त्यावरून चार्जरला कळतं. आता त्या पॉइंटवर मळ बसला की रीडिंग चुकतं आणि चार्जर थांबतो. माझ्या एका बॅटरीचं हेच निघालं. खिडकीत तिरपी धरली तेव्हा सोनेरी पट्टीवर काळपट डाग दिसला, खोडरबराने हलकेच घासला, कोरड्या सुती कपड्याने पुसला, चार्जर प्लगमधून काढून त्याच्या पिना पण पुसल्या, आणि लावल्याबरोबर चार्जिंग सुरू!

दुसरी मात्र कॅमेऱ्यातच राहिलेली होती. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावला तर शून्य. पण शून्य दिसलं म्हणजे सेल संपलाच असं नाही हं, सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली जायला लागला की आतलं प्रोटेक्शन सर्किट बाहेरची लाईनच तोडतं. चांगला चार्जर अशा बॅटरीला आधी अगदी थोडा करंट देतो, नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि सेल तीन व्होल्टच्या आसपास आला की मग पूर्ण. म्हणून तासभर लावून ठेवून बघा, पण लक्ष ठेवून. तेवढ्यातही वर आली नाही तर सोडून द्या. फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो, परत चार्ज केलं की ते तांबं भलत्या जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, मग आग. त्यामुळे नऊ व्होल्टच्या बॅटरीने वायर जोडून तिला जागं करायची जी ट्रिक लोक सांगतात ना, ती प्लीज करू नका. फुगलेली बॅटरी तर चार्जरच्या जवळही नेऊ नका.

माझी दुसरी काही वर आली नाही. पॉइंटवर सेलोटेप लावून ई-कचऱ्यात दिली. आणि जी वाचली ती आता अर्धी चार्ज करून कॅमेऱ्याबाहेर ठेवतो, कारण बंद कॅमेरा पण थोडीथोडी बॅटरी ओढतच असतो.